मल्लूअण्णांची जागा

फेलोशिप म्हणजे स्थळ, असं मल्लूअण्णांचं ठाम मत होतं. "हे दिल्लीचं स्थळ. घराणं मोठं, पर निरोप यायला लई उशीर. हे मुंबईचं. देणं-घेणं कमी, पर माणसं बरी. अन् ह्येंच्या तर नादालाच लागू नको, वरसभर पोरी बघतेत अन् शेवटी म्हणतेत यंदा कर्तव्य न्हाय." लायब्ररीत 'शांतता राखा' अशी मोठी पाटी होती. बरोबर तिच्याखाली बसून ते हे सगळं लग्न जमवणाऱ्या मध्यस्थाच्या आवाजात सांगायचे. स्वतः त्यांना ह्या सगळ्या स्थळांनी बघून झालं होतं आणि एकानंही पसंत केलं नव्हतं. "आपण घोडनवरा," म्हणायचे आणि मांडीवर थाप मारून हसायचे.

आधीच सांगून टाकते, ह्या माणसाबद्दल माझा पार गोंधळ आहे. हुशार होते की येडे, साधे होते की पक्के व्यापारी, मला आजही सांगता येणार नाही. आपल्यासाठी कुणीतरी एवढं मोठं काही करतं आणि ते का केलं ते धड सांगत नाही, ह्याचा मला रागही येतो. तो राग काढायचा कुणावर, हाही प्रश्नच आहे.

मी वैरागची. वडलांचं, म्हणजे आप्पांचं, तिथं भुसाराचं दुकान. इतिहासात एम.ए. केलं, परीक्षा दिली आणि पीएच.डी.साठी फेलोशिप मिळाली. घरात आनंद झाला, पण नेमकं काय मिळालं ते कुणालाच कळेना. आई म्हणाली, "शिकायला सरकार पैसे देतंय? अन् उद्या परत मागितलं तर?" आप्पांनी पेठेत सांगून टाकलं की सुवर्णाला विद्यापीठात नोकरी लागली. लोकांनी विचारलं, कसली? आप्पा म्हणाले, "शिकायची." लोकांना वाटलं, आप्पांना शिकवायची म्हणायचं असणार. तरी एक गोष्ट आप्पांनी मला अगदी स्वच्छ शब्दांत बजावली होती. "फेलोशिप हाय तवर शीक. ती बंद झाली की घरी यायचं, अन् मग मी म्हणीन त्या घरात जायचं." मी हो म्हटलं. दुसरं काय म्हणणार?

फेलोशिपच्या पत्रात एक मेख होती. ठरावीक मुदतीत एखाद्या गाइडकडे नाव नोंदलं गेलं पाहिजे, नाहीतर फेलोशिप रद्द. माझा विषय मंजूर झाला होता: विडी वळणाऱ्या बायकांच्या आठवणी. फक्त गाइड नव्हता. एका गाइडला ठरावीकच विद्यार्थी घेता येतात, आणि आमच्या भागात इतिहासाचे गाइड ते किती! जिकडे जावं तिकडे "जागा नाही." पत्र हातात धरून मी लायब्ररीत डोकं खाजवत बसले होते, तेव्हा मागून आवाज आला, "तंगी, काय करलालीस?"

मला वाटलं, माझा अवतार बघून कुणीतरी मला कडकी म्हणतंय. तंगी म्हणजे कन्नडमध्ये धाकटी बहीण, हे नंतर कळलं. मागे वळून बघितलं तर पन्नाशीला टेकलेला, काडीसारखा माणूस, चष्मा कपाळावर, खांद्याला कापडी पिशवी. त्यांनी माझं पत्र माझ्या हातातून घेतलं, चष्मा खाली न ओढताच वाचलं आणि निकाल दिला. "अय्यो, हितं लई वेळ हाय. मुदत वाढवून देतेत की. घाई करू नको. गाइड असा घाईत घेऊ नये. कापड नेसल्याबिगर कळत न्हाय."

मी विश्वास ठेवला. का ठेवला म्हणाल तर त्या माणसाच्या बोलण्यात कुठं शंकाच नसायची. मी निवांत झाले, विडी कामगारांच्या घरकुल वसाहतीत जाऊन बायकांशी गप्पा मारत बसले. अण्णांनी सांगितलेला नियम भलत्याच योजनेचा होता, हे कळायला बराच काळ जायचा होता.

अण्णांच्या घरचं सोलापुरात नव्या पेठेत साड्यांचं दुकान. दुकान खरं तर धाकटा भाऊ इरेश बघायचा. अण्णा सकाळी गादीवर बसायचे ते फक्त भवानी होईपर्यंत. पहिली साडी विकली गेली, पहिला पैसा गल्ल्यात पडला, की उठले. मग पिशवी खांद्याला, बस आणि विद्यापीठ. एखाद्या दिवशी पहिलं गिऱ्हाईक बारापर्यंत आलं नाही तर अण्णा बारापर्यंत अडकून. मग उशिरा येऊन आम्हालाच झापायचे, "तुमी पोरी सकाळी साड्या घेत न्हाई, म्हणून मराठी माणसाचं संशोधन मागं पडलालंय."

डबा उघडला की कडक भाकरी आणि शेंगाची चटणी. भाकरी नॅपकिनात बांधलेली असायची, आणि ती मोडताना असा आवाज व्हायचा की सगळी लायब्ररी वर बघायची. ग्रंथपाल उठून रागवायला यायचे आणि तुकडा घेऊन परत जायचे. आम्ही सगळे त्या डब्यावर जगलो असं म्हणलं तरी चालेल, कारण फेलोशिप मंजूर होणं वेगळं आणि खात्यावर येणं वेगळं. आज पोर्टल बंद, उद्या सही चुकली, परवा बँकेचं नाव बदललं. आम्ही फेलोशिपवाले, आणि आम्हाला जेवू घालायचा बिनफेलोशिपवाला.

आता त्यांचा विषय. बाजारात दलाल टॉवेलाखाली एकमेकांची बोटं धरून भाव ठरवतात, तोंडानं एक अक्षर बोलत नाहीत, ती हातांची भाषा. आमच्या विभागातले गाइड माने सर, त्यांच्याकडे अण्णांचं नाव इतकी वर्षं नोंदलेलं होतं की त्यांच्यामागून आलेले प्राध्यापक झाले. त्यांतला एक तर प्रगती तपासणाऱ्या समितीत बसायचा. "अण्णा, प्रगती?" असं बिचाऱ्यानं ओशाळून विचारायचं आणि अण्णांनी म्हणायचं, "हाय की." पुन्हा मुदतवाढ.

एक प्रकरण त्यांनी मला कँटीनमध्ये वाचून दाखवलं. सौदा पटत आला की माणूस चेहरा दगडासारखा ठेवतो, आवाजही ठेवतो, पण त्याचा अंगठा आधी सैल पडतो, असं काहीतरी होतं त्यात. कसं लिहिलं होतं म्हणून सांगू! माझा चहा गार झाला. मी म्हटलं, "अण्णा, पुढचं?" ते म्हणाले, "येतंय की." पुढचं मी कधीच बघितलं नाही. विभागात दोन तट होते. एक म्हणायचा, सगळा प्रबंध तयार आहे आणि पिशवीत आहे, फक्त देववत नाही त्यांना. दुसरा म्हणायचा, कसला प्रबंध, पिशवीत साड्यांची खोकी आणि भाकऱ्या. मी एकदा ती पिशवी उचलली होती. जड होती. आता जड तर दोन्ही असणार.

आणि साडीची भानगड वेगळीच. आमच्यापैकी कुणाची फेलोशिप खात्यावर आली की अण्णांचा हुकूम सुटायचा, "पयली साडी आईला." कुठून, ते सांगायची गरज नव्हती. "घरच्या भावात देतो," म्हणायचे, आणि घरचा भाव म्हणजे काय हे विचारायची आमची टाप नव्हती. नितीन नावाचा आमचा एक मित्र होता, तो वैतागून म्हणायचा, "हा माणूस स्कॉलर आहे की दुकानाचा एजंट?" पण त्याच नितीनची फेलोशिप अडकली होती तेव्हा तो रोज अण्णांचाच डबा खात होता, हे तो सोयीस्कर विसरायचा.

मला एका संस्थेत प्रवासखर्चाच्या मदतीसाठी मुलाखत होती, तेव्हाची गोष्ट. अण्णा म्हणाले, सराव दुकानात करू. मला गादीवर बसवलं. समोर अक्कलकोटकडची एक बाई इरकल बघत बसलेली. अण्णांनी तिला सांगितलं, "अक्का, ही पोरगी काय अभ्यास करतीय ते जरा ऐका, अन् समजलं न्हाई तर सांगा." मी मान खाली घालून विडीवाल्या बायकांचं सांगितलं. बाईनं सगळं नीट ऐकून घेतलं आणि विचारलं, "बरं हाय. पर ह्येचा उपयोग काय?"

मी वहीची पानं उलटायला लागले. अण्णा मात्र फटकन म्हणाले, "अक्का, घरी इरकली किती हायत तुमच्या? मग ह्या अकराव्या इरकलीचा उपयोग काय?"

बाई साडी बाजूला सारून उठलीच. इरेश पायऱ्यांपर्यंत तिच्या मागे धावला. परत येऊन भावाला कन्नडमध्ये जे काही बोलला ते मला कळलं नाही, पण भाषांतराची गरज नव्हती. अण्णा शांतपणे साडीची घडी घालत म्हणाले, "बगितलंस? उपयोग विचारला की माणूस उठून जातंय." मुलाखतीत मला तोच प्रश्न विचारला गेला. मी अण्णांचं उत्तर दिलं नाही, धीर झाला नाही. ती मदत मला मिळालीही नाही. अण्णांचं उत्तर दिलं असतं तर मिळाली असती का? काय माहीत बाई.

आणि मोडनिंबच्या शेळीबद्दल सांगितलंच पाहिजे, कारण त्याशिवाय पुढचं कळणार नाही. अण्णा शेळ्यामेंढ्यांच्या बाजारात हातांच्या नोंदी घ्यायला चालले होते, मला म्हणाले, चल, फिल्डवर्क कसं करतेत बघ. धनगरांची ही गर्दी, धूळ, बेंबें. अण्णा एका म्हाताऱ्या धनगराशेजारी बसले. दलाल उभा होता. अण्णा म्हणाले, "मामा, बोटं कशी धरतेत तेवढं मला दाखवा की." म्हाताऱ्यानं टॉवेल टाकला. अण्णांनी खाली हात घातला आणि त्यांचा चेहराच बदलला, देवळात गाभाऱ्यात शिरलेल्या माणसासारखा. बोटं इकडची तिकडं व्हायला लागली. मला वाटलं, वा, चाललाय अभ्यास. एवढ्यात दलाल ओरडला, "झाला सौदा!"

"अहो, मी अभ्यासाला आलोय!" अण्णा म्हणाले.

म्हातारा शेळीची दोरी त्यांच्या हातात देत म्हणाला, "मग घरी न्या अन् करा की अभ्यास."

मी म्हातारबाबांच्या हातापाया पडायला निघाले, चूक झाली म्हणून. अण्णांनी मला थांबवलं. "न्हाई तंगी. बोटं धरली. आता मागं सरलो तर परत हितं मला हात कोण दील?" टेंपोत एका बाजूला अण्णा, एका बाजूला मी आणि मधे ती शेळी, असे आम्ही सोलापूरला आलो. पिढ्यान्‌पिढ्या अंडंसुद्धा न शिवलेलं लिंगायत घर, आणि नव्या पेठेत भर संध्याकाळच्या गर्दीत अण्णा शेळी घेऊन दुकानाच्या पायऱ्या चढताहेत! इरेश नुसता बघत राहिला. शेळीनं आत जाऊन एका साडीचे गोंडे खाल्ले, तेव्हा त्याला वाचा फुटली. शेवटी ती विद्यापीठाच्या वॉचमनकडे गेली. तो पुढं कितीतरी दिवस अण्णांना सलाम ठोकायचा.

असं सगळं हसतखेळत चाललं होतं, आणि एके दिवशी नितीननं माझं पत्र सहज बघायला घेतलं. म्हणाला, "सुवर्णा, तुझी मुदत ह्या आठवड्यात संपतेय." मी म्हटलं, वाढते ती. तो म्हणाला, "कोण म्हणालं?" मी ऑफिसात गेले. तिथल्या मॅडमनी चष्म्यावरून बघितलं आणि सांगितलं की ह्या योजनेत एक दिवसही वाढत नाही.

पुन्हा सगळ्या गाइडांचे उंबरठे झिजवले. एक म्हणाले पुढच्या वर्षी ये. एक म्हणाले विषय बदल, म्हणजे दुसऱ्या विभागात बघू. माने सर माझ्या विषयाचेच, माणूस भला, पण त्यांच्याकडच्या सगळ्या जागा भरलेल्या. "मी काय जागा खिशातून काढू का?" म्हणाले. त्याच संध्याकाळी आप्पांचा फोन आला. त्यांना कुठून कळलं देव जाणे. "बंद होणार म्हणतेत तुजी फेलोशिप. हरकत न्हाई. बार्शीची माणसं सोमवारी बघायला येत्यात, तू रविवारी ये." आप्पा प्रेमानंच बोलत होते. त्यामुळं मला भांडताही येईना.

दुसऱ्या दिवशी लायब्ररीत अण्णा दिसले आणि माझा तोल गेला. सगळ्यांसमोर ओरडले. "तुम्ही म्हणालात घाई करू नको! तुम्ही म्हणालात मुदत वाढते! काय माहीत नसतं तर बोलता कशाला हो?" अण्णांनी भाकरी मोडायला घेतली होती. ती तशीच परत नॅपकिनात बांधली. त्यांना गप्प बसलेलं मी पहिल्यांदाच बघत होते. मला वाईट वाटलं, पण राग त्याहून मोठा होता.

दुपारी त्यांचा निरोप आला, माने सरांच्या केबिनमध्ये ये. मी गेले तर अण्णा सरांच्या समोरच्या खुर्चीवर बसलेले. सर त्यांना समजावत होते, "मल्लू, अरे मला का कळत नाही? पण एक जागा रिकामी झाल्याशिवाय मी हिला घेऊ शकत नाही. आणि रिकामी होणार कशी? माझी सगळी मुलं चालू आहेत."

अण्णांनी डब्याचा नॅपकिन सोडला, भाकरी टेबलावर ठेवली, नॅपकिन झटकला आणि आपल्या उजव्या हातावर टाकून तो हात सरांच्या पुढं केला.

सर माढ्याकडचे, शेतकऱ्याघरचे. त्यांना काय ते कळलं आणि हसू आलं. "काय पोरखेळ लावलाय!" म्हणाले. अण्णा हसले नाहीत. हात तसाच. शेवटी सरांनी नॅपकिनाखाली हात घातला.

मी दारात उभी होते. नॅपकिन हलत होता. सरांच्या चेहऱ्यावरचं हसू हळूहळू गेलं. त्यांनी एकदा मान जोरात हलवली, नाही म्हणून. नॅपकिन परत हलला. सर म्हणाले, "मल्लू, परत एकदा विचार कर." अण्णा म्हणाले, "सर, बोटं धरली." मग सरांनी हात बाहेर काढला, चष्मा काढून पुसायला लागले आणि बराच वेळ पुसतच राहिले. अण्णांनी कोरा कागद मागून घेतला आणि आपली पीएच.डी.ची नोंदणी रद्द करावी असा अर्ज दोन ओळींत लिहून दिला. संध्याकाळपर्यंत त्यांची जागा रिकामी झाली आणि तिथं माझं नाव लागलं. फेलोशिप वाचली. बार्शीची माणसं आलीच नाहीत, आप्पांनी त्यांना कळवलं की पोरगी अजून शिकतीय.

नॅपकिनाखाली काय बोलणं झालं, मला माहीत नाही. ती भाषा आकड्यांची. एवढ्या वर्षांचं काम सोडून द्यायचा आकडा कुठला असतो? सरांना मी नंतर दोन-तीनदा विचारलं. ते म्हणायचे, "अगं, मल्लूच्या मनात होतं ते त्यानं केलं." हे काय उत्तर झालं?

अण्णा त्या दिवसापासून लायब्ररीत यायचे बंद झाले. आम्ही डब्याविना कोरडे पडलो. ग्रंथपाल तर दोन दिवस विचारत होते, अण्णा आजारी आहेत का म्हणून. मग हळूहळू कुठून कुठून त्यांचं स्पष्टीकरण माझ्या कानावर यायला लागलं, आणि प्रत्येकाला वेगळंच. इरेश मला पेठेत भेटला, इतका खूश! म्हणाला, "अण्णा म्हणाला, सुटलो बाबा. किती वरसं तो दगड गळ्यात घेऊन फिरत हुता." म्हणजे प्रबंध होणारच नव्हता आणि माझ्या निमित्तानं त्यांनी स्वतःची सुटका करून घेतली? तसं असेल तर मी कशाला ओझं बाळगू? पण माने सर एकदा बोलता बोलता म्हणाले की अण्णा त्यांना म्हणाले होते, "माझ्या जिभेनं पोरीचं वाटोळं होत हुतं, ते भरून द्यायला पायजे." म्हणजे मी लायब्ररीत जे ओरडले त्यानं हे झालं? मग माझी झोप उडायची. नितीनचं तिसरंच. तो म्हणायचा, "तो माणूस असाच आहे गं. त्यानं शेळीसुद्धा परत केली नाही."

माझ्या फेलोशिपचे पैसे एकदाचे खात्यावर आले तेव्हा मी सरळ नव्या पेठेत गेले. अण्णा गादीवर होते. दुपार होती, भवानी केव्हाच झाली असणार, तरी बसलेले. "ये की तंगी! आईला काय दाखवू? इरकल?" म्हणत त्यांनी घड्या उलगडायला सुरुवात केली. मी म्हटलं, "अण्णा, साडी राहू दे. तुम्ही असं का केलंत?"

"आता ह्येच की!" त्यांनी साडीकडे बोट दाखवलं. "तुजी फेलोशिप बुडाली असती तर ही इरकल कोण घेतलं असतं? धंदा हाय बाई आमचा." आणि मांडीवर थाप मारून हसले.

मला इतका संताप आला की मी तिथंच रडायला लागले, चार गिऱ्हाइकांसमोर. "तुम्हाला एकदा तरी खरं बोलता येतं का हो?" मी म्हणाले. अण्णा थोडे गडबडले. मग इरेशला म्हणाले, "गिऱ्हाइकाला पाणी दे." मी पाणी प्याले आणि साडी घेतली. आईला ती फार आवडली. आजही सणासुदीला तीच नेसते आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगते, लेकीच्या शिकायच्या पगाराची आहे.

पुढं कामाच्या धबडग्यात माझं जाणं कमी झालं. दिवाळीला फोन व्हायचा. "लिहिलालीस ना?" एवढंच विचारायचे. स्वतःच्या प्रबंधाचं मी काढलं की म्हणायचे, "इरेशच्या पोरीचं लगीन हाय, लई काम हाय," आणि फोन ठेवायचे. इरेशच्या पोरीचं लग्न किती वेळा झालं, देवाला ठाऊक.

मागच्या हिवाळ्यात माझा प्रबंध झाला आणि तोंडी परीक्षा लागली. ती खुली असते, कुणीही येऊन बसावं, कुणीही प्रश्न विचारावा. आप्पा-आई वैरागहून आले होते. पहिल्या रांगेत बसले होते, आप्पा नवीन टोपी घालून. बाहेरगावचे परीक्षक होते, मोठे गृहस्थ. माझं बोलून झालं, त्यांनी दोन-चार प्रश्न विचारले, मी उत्तरं दिली. माने सर समाधानानं मान डोलवत होते. मग परीक्षकांनी रीतीप्रमाणे विचारलं, "सभागृहातून कुणाला काही?" असं विचारल्यावर सहसा कुणी उठत नाही.

शेवटच्या रांगेत अण्णा उभे राहिले. कधी आले होते मला माहीत नाही. खूप वाळले होते. चष्मा कपाळावर. त्यांनी घसा साफ केला आणि मला वाटलं, आता काहीतरी गंमत करतात.

"ह्या बायका आठवणी सांगत हुत्या तवा त्यांचे हात विडी वळतच असणार," ते म्हणाले. "माझा प्रश्न असा की, काय सांगताना हात थांबले? एवढंच."

परीक्षक पुढं वाकले. त्यांनी हातातलं पेन उचललं आणि म्हणाले, "फारच महत्त्वाचा प्रश्न. आपण कुठल्या विद्यापीठातले? आपलं संशोधन कशावर आहे?"

अण्णांनी तोंड उघडलं. उत्तर जिभेवर होतं, मला दिसलं. इतकी वर्षं दिलेलं, पाठ असलेलं उत्तर. मग ते थांबले. एकदा माने सरांकडे बघितलं आणि म्हणाले, "न्हाई जी. साड्यांचं दुकान हाय आमचं. हिकडून चाललो हुतो, बसलो."

लोक हसले. आप्पासुद्धा हसले, त्यांना वाटलं कुणी ओळखीचा व्यापारी आहे. परीक्षक "वा, वा" म्हणाले आणि त्यांनी माझ्याकडे बघितलं, उत्तरासाठी. माने सर खाली बघत होते. मी माइक धरून उभी होते. इतकी वर्षं मी त्या बायकांसमोर बसले, त्यांचा शब्द न् शब्द उतरवून घेतला, पण मी त्यांच्या तोंडाकडे बघत होते. हात कधी थांबले ते मला सांगता येईना.

"मला माहीत नाही, अण्णा," मी म्हणाले.

"बगायला पायजे हुतंस की," ते म्हणाले, अगदी हळू, रागावून नव्हे, आणि आपली चप्पल पायानं चाचपत रांगेतून बाहेर पडले.